वीज बंद केली, हवा तशीच राहिली

१४ मे २०२४ ला आमच्या डाळ मिलमध्ये माझा १३ नंबरचा पाना वाकला. पान्याच्या मागे वीतभर अंतरावर माझं मनगट होतं.

मिल काकांची, जळगाव एमआयडीसीत. हरभरा, तूर, उडीद, जसा हंगाम तसा माल. आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन चारच दिवस झाले होते, निम्मे कामगार अजून गावीच होते. त्यामुळे कलर सॉर्टरखालच्या (रंगावरून खराब दाणे वेगळे काढणाऱ्या मशीनखालच्या) हॉपरचं, म्हणजे माल साठवायच्या नरसाळ्याचं, गेट अडकलं तेव्हा मीच वर चढलो. अख्ख्या मिलमध्ये हवेवर चालणारं तेवढं एकच गेट होतं. फटीत बारदानाच्या सुतळीचा गोळा बसला होता. मी पॅनलचा स्विच पाडला. हवेच्या लाइनवरचा बॉल व्हॉल्व्हही बंद केला. आता काय होणार आहे, असं म्हणून पाना घालून गोळा उकरला. तो सुटला आणि गेट धाडकन मिटलं.

बॉल व्हॉल्व्ह नवी हवा अडवतो. पण त्याच्या पुढच्या पाइपात आणि गेट ढकलणाऱ्या सिलिंडरमध्ये आधी भरलेली हवा तो कोंडूनही ठेवतो, हे मला डिप्लोमाला शिकवलेलं होतं आणि मी साफ विसरलो होतो. गोळ्याने गेट अडलं होतं, मागचा दाब तसाच होता. रात्री हिशेब केला. ५० मिलिमीटर बोअरचा सिलिंडर, ६ बार दाब (बोलताना आपण ६ किलो म्हणतो), जोर निघतो सुमारे १२० किलो. आपण मिलवाले क्विंटलमध्ये मोजतो, म्हणून क्विंटलमध्ये सांगतो: जवळजवळ सव्वा क्विंटल, आणि तोही एका पत्र्याच्या धारेवर.

गंमत अशी की काकांच्या डोक्यात उरलेल्या आठ हॉपरांची गेटंही हवेवर करायचं वर्षभर घोळत होतं. साखळी ओढायला माणूस दर वेळी शिडी चढायचा, पावसाळ्यात पाय घसरायचा. पाना वाकल्यावर मी म्हटलं, करू, पण माझ्या पद्धतीने करू. अकरा वर्षं मिल सांभाळतोय, पण न्यूमॅटिकचं, म्हणजे दाबाच्या हवेवरचं, काम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः कधी केलं नव्हतं. आठ गेटांना पाच महिने लागले. ज्याला असं काम अंगावर घ्यायचं आहे त्याने माझ्या चुका तरी पुन्हा करू नयेत, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

जुलैत कोटेशनं मागवली. एक आलं २,८५,००० चं, दुसरं २,४०,००० चं, तिसऱ्याने फोनवरच "तीनच्या आत बसवू" सांगितलं. दोन्ही कागदांत सिलिंडर, व्हॉल्व्ह, पॅनल सगळं व्यवस्थित होतं. कुलूप लावता येईल आणि बंद करताच पुढची हवा सोडून देईल असा व्हॉल्व्ह मात्र एकातही नव्हता. विचारलं तर "ते नंतर टाकू" असं उत्तर आलं. तेव्हा ठरलं, माल आपण आणायचा, फिटर आणि वायरमन आपले लावायचे.

काकांनी तोवर पीव्हीसी पाइपाच्या वीस नळ्या आणून टाकल्या होत्या. "अरे, आपल्या गावात पाइप काय कमी आहे का?" खरंच कमी नाही. ठिबक आणि पीव्हीसी पाइप हीच जळगावची जगभर ओळख. पण दाबाच्या हवेला पीव्हीसी चालत नाही, आणि काकांना ते समजवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पाण्याचा पाइप फुटला तर पाणी उसळतं आणि दाब लगेच पडतो, कारण पाणी दाबलं जात नाही. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबून बसलेली असते. पाइप तडकला की ती फुगते आणि पीव्हीसीचे तुकडे सुऱ्यांसारखे उडवते. शिवाय त्या पाइपावर छापलेला दाबाचा आकडा पाण्यासाठी आणि २७ अंश तापमानासाठी असतो. आमच्याकडे मे महिन्यात सावलीत पारा ४५ च्या आसपास, मग पत्र्याखाली सात मीटर उंचीवर काय होत असेल? काका म्हणाले, "मग या नळ्यांचं काय करू?" त्या नळ्या पुढे रावेरकडच्या त्यांच्या केळीच्या वावरात गेल्या.

ऑगस्टमध्ये कानबाईच्या सणाची सुट्टी झाली आणि मी टाकीकडे वळलो. कॉम्प्रेसर साडेसात हॉर्सपॉवरचा, त्याखाली ३०० लिटरची हवेची टाकी. आठ सिलिंडर जोडायच्या आधी ही टाकी धड आहे का, हे कोणीतरी अधिकाराने सांगायला हवं होतं. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ मध्ये दाबाखालच्या यंत्रसामग्रीबद्दल लिहिलं होतं. तपासणी करायची ती 'सक्षम व्यक्ती', म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मान्यता दिलेला तपासनीस. १६ ऑगस्टला त्यांना पत्र दिलं, २९ ला ते आले. पहिला प्रश्न: "टाकीची पाटी कुठे आहे?" बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक, कामाचा दाब हे सगळं त्या पाटीवर असतं, आणि आमच्या टाकीवर तर नुसता निळा रंग दिसत होता. मी आणि मुकादम पॉलिश पेपर घेऊन बसलो. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली करडा, आणि त्याच्याखाली पितळेचा एक कोपरा चमकला. क्रमांकाचा शेवटचा आकडा तीन आहे की आठ, यावर वीस मिनिटं गेली.

मग त्यांनी पत्र्याची जाडी मापली, टाकी पाण्याने गच्च भरून कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे १२ बारला अर्धा तास ठेवली. हवेने न तपासता पाण्याने तपासतात त्याचं कारण तेच, टाकी गेलीच तर पाणी गळेल, स्फोट होणार नाही. टाकी पास झाली. सेफ्टी व्हॉल्व्ह नापास झाला. ११ बारला गेलो तरी तो उघडेना, आत गंज धरून चिकटला होता. म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्याच्या भरवशावर होतो तो नुसता शोभेला होता. नवा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि लाल खूण केलेला गेज मिळून १,९००, तपासणीची फी २,५००. प्रमाणपत्र ९ सप्टेंबरला, गणपतीत हातात आलं. तुम्ही असं काम काढणार असाल तर सगळ्यात आधी टाकीचं काम लावा. बाकी सगळं दुकानात मिळतं, ही तारीख मिळत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ सप्टेंबरला मालाची ऑर्डर दिली. व्हॉल्व्ह कोणते घ्यायचे यावर मी बराच घोटाळलो होतो, म्हणून थोडं सविस्तर. दोन्ही बाजूंनी हवेवर चालणाऱ्या सिलिंडरला ५/२ व्हॉल्व्ह लागतो: पाच तोंडं (पोर्ट), दोन स्थिती. १ नंबरला हवा आत, २ आणि ४ मधून सिलिंडरकडे, ३ आणि ५ मधून वापरलेली हवा बाहेर (हाच एक्झॉस्ट). कॉइल म्हणजे वीज दिली की व्हॉल्व्ह सरकवणारं तारेचं वेटोळं. त्यात एका कॉइलचा आणि दोन कॉइलचा असे दोन प्रकार. दोन कॉइलचा व्हॉल्व्ह वीज गेली की होता तिथेच राहतो. एका कॉइलचा स्प्रिंगने मूळ जागी परततो. गेट उघडं असताना वीज गेली आणि ते उघडंच राहिलं, तर सगळा हॉपर खालच्या बंद एलिव्हेटरच्या (माल वर नेणाऱ्या यंत्राच्या) बूटमध्ये, म्हणजे तळाच्या पेटीत, रिकामा होणार. म्हणून एका कॉइलचे घेतले आणि मूळ स्थिती म्हणजे गेट बंद, असं ठरवलं. कॉइल २४ व्होल्ट डीसी.

पार्सल आलं १० तारखेला. सगळ्या कॉइल २३० व्होल्ट एसीच्या. ऑर्डरीत स्पष्ट लिहिलेलं असूनही. परत पाठवायच्या आधी एक तरी चालवून बघू, असं आमच्या वायरमन नानांच्या मनात आलं. नाना पारोळ्याकडचे, पस्तीस वर्षं हेच काम करतात, माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास. त्यांनी कॉइलला करंट दिला, व्हॉल्व्ह टक् करून वाजला, नाना खूश. मग कॉइल चालूच ठेवून व्हॉल्व्हच्या दांडीवरून उपसून टेबलावर ठेवली आणि चहा घ्यायला गेले. आलो तेव्हा वास पसरला होता. एसी कॉइलच्या मधला लोखंडी प्लंजर असला तरच तिच्यातला करंट आटोक्यात राहतो. दांडीवरून काढलेली कॉइल जास्त करंट खेचते आणि मिनिटांत जळते. नऊ कॉइल बदलून मिळाल्या, दहावीचे ४५० रुपये आमच्या खात्यात. डीसी कॉइलला हा धोका नाही, पण करंट बंद केल्याशिवाय कॉइल काढायची नाही ही सवय तेव्हापासून नानांनाही लागली. बरोबर माल २७ सप्टेंबरला आला. सतरा दिवस गेले.

त्या सतरा दिवसांत पाइपाचं काम उरकलं. एक इंची, सी क्लासचा जीआय पाइप, ६६ मीटर, मिलभोवती फिरून परत जोडलेला. उतार शंभराला एक, म्हणजे बारा मीटरच्या भिंतीवर बारा सेंटीमीटर, आणि प्रत्येक खालच्या टोकाला पाणी सोडायचा कॉक. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होते. पावसाळ्यात तर लाइनमधून ग्लासभर तांबडं पाणी निघतं. म्हणूनच फांदी काढताना ती मुख्य पाइपाच्या खालून काढायची नाही. वरून काढून उलट्या यू सारखी खाली आणायची, म्हणजे पाणी तळाशी राहतं आणि हवा वरून जाते. फिटरला हे पटत नव्हतं, प्रत्येक ठिकाणी दोन एल्बो जास्त लागत होते.

त्याच्याशी खरा वाद झाला तो सुतळी-सफेद्यावरून. नळाचं काम करणारा प्रत्येक जण आट्यांवर सुतळी गुंडाळतो, सफेदा फासतो, आणि पाण्याला ते उत्तम चालतंही. पण सोलेनॉइड, म्हणजे कॉइलवर चालणाऱ्या, व्हॉल्व्हच्या आत स्पूल नावाची एक दांडी अगदी घट्ट मापात सरकत असते. सुतळीचा एक धागा गेला की ती अडकते. टेफ्लॉन टेप वापरा, टोकाचे पहिले दोन आटे मोकळे सोडा, आणि जोड आवळायच्या दिशेनेच गुंडाळा. उलटी गुंडाळलेली टेप आवळताना सुटते आणि तिचे फाटे आत जातात.

लाइन पूर्ण झाल्यावर व्हॉल्व्ह न जोडताच ती हवेने झाडली. हे कोणी टाळू नये. उघड्या टोकाला पांढरं कापड आणि त्यावर बारदान करकचून बांधलं, सगळ्यांना मागे घेतलं, डोळ्यांवर चष्मे, आणि ४ बारची हवा सोडली. पहिल्यांदा कापडावर काळ्या चुऱ्याचा थर, आटे पाडतानाची लोखंडाची वळलेली तारेसारखी कात्रणं, टेफ्लॉनच्या चिंध्या आणि एक मेलेली पाल आली. दुसऱ्यांदा तांबडी धूळ. तिसऱ्यांदा कापड जवळजवळ पांढरं राहिलं. त्यातलं एक कात्रण मी अजून टेबलाच्या खणात ठेवलं आहे. ते स्पूलमध्ये गेलं असतं तर १,४५० चा व्हॉल्व्ह गेला असता.

हवा आत येते तिथे फिल्टर आणि दाब ठरवणारा रेग्युलेटर. तेल सोडणारा ल्युब्रिकेटर मुद्दाम घेतला नाही. आजकालचे व्हॉल्व्ह ग्रीस भरूनच येतात. एकदा तेल सुरू केलं की ते ग्रीस धुऊन निघतं आणि मग तेल कायम द्यावं लागतं. वर ते तेल एक्झॉस्टमधून धुक्यासारखं बाहेर पडतं. खाली हरभऱ्याची डाळ वाहत असताना ते कोणाला हवंय?

आता वायरिंग. सिलिंडरच्या अंगावरच व्हॉल्व्ह बसवणं सोपं पडलं असतं, नळी कमी लागली असती. पण वर चुनीचा बारीक धुरळा सतत उडत असतो, आणि डाळीचा तरंगणारा धुरळा पेटू शकतो. तासन् तास चालू राहिलेली कॉइल इतकी तापते की तिच्यावर हात टेकवत नाही. त्यात व्हॉल्व्हची सुटणारी हवा साचलेला धुरळा पुन्हा उडवणार. म्हणून आठही व्हॉल्व्ह एका मॅनिफोल्डवर (सगळ्यांना एकत्र हवा देणाऱ्या पट्टीवर), खाली स्वच्छ खोलीतल्या बंद पेटीत घेतले, एक्झॉस्ट पाइपाने भिंतीबाहेर काढला. तिथून प्रत्येक गेटला ८ मिलिमीटरची पीयू (पॉलियुरेथेन प्लास्टिकची) नळी नऊ ते चौदा मीटर जाते. गेट किंचित सावकाश हलतं, बिघडत काही नाही. नळ्या मात्र उघड्या सोडू नका. धान्याच्या मिलमध्ये उंदीर असतातच आणि त्यांना पीयू फार आवडते. आम्ही झाकणाच्या पत्र्याच्या ट्रेमधून नेल्या. नळी ब्लेडने तिरकी कापायची नाही. कटर मिळतो, त्याने सरळ कापायची आणि फिटिंगमध्ये दोन टप्पे जाणवेपर्यंत दाबायची. मी नळीवर पेनाने खूण करून घेत होतो, खूण बाहेर दिसली की नळी पूर्ण बसलेली नाही.

२३० व्होल्टचा फीडर परवानाधारक ठेकेदाराकडून घेतला, त्याचा कागद विम्याच्या फाइलला लागतो. त्यापुढचं २४ व्होल्टचं काम नाना आणि मी. एक कॉइल ५ वॉटच्या आतली, म्हणजे साधारण ०.२ अँपिअर. आठ मिळून १.६. पाच अँपिअरची एसएमपीएस (२३० व्होल्टचे २४ व्होल्ट डीसी करून देणारी पेटी) घेतली. वरच्या सिलिंडरांवर गेट मिटल्याची खूण देणारे रीड स्विच आहेत, त्यांची केबल मोटारच्या ४१५ व्होल्टच्या केबलींपासून फूटभर लांब ठेवली, ओलांडायची वेळ आली तिथे काटकोनात. प्रत्येक वायरला लग, प्रत्येक लगवर नंबर, आणि आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून बघायची. कॉइलवर डायोड लावलेले कनेक्टर घेतले. कॉइल बंद होताना मागे फेकते तो व्होल्टेजचा झटका रिलेचे कॉन्टॅक्ट खातो, डायोड तो गिळतो. असे कनेक्टर नसतील तर साधा १एन४००७ चालतो, त्याची पट्टीची बाजू प्लसला. उलटा लावला तर सरळ शॉर्ट होतो. कनेक्टरसोबत रबराचं छोटं गॅस्केट येतं. नानांच्या मदतनीसाने ती "पॅकिंगमधलं काहीतरी" म्हणून झाडूने लोटून दिली होती. आठही कचऱ्यातून शोधली. आणि एक, या वायरींवर मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायचा असेल तर आधी एसएमपीएस आणि कॉइल सोडवा, ५०० व्होल्ट त्यांना झेपत नाहीत.

५ ऑक्टोबरला पहिली हवा. सिलिंडर गेटांना न जोडता नुसते मोकळे ठेवले, रेग्युलेटर पूर्ण ढिला. १ बारला साबणाचं पाणी घेऊन फिरलो, अकरा जोड फुगे काढत होते, त्यातले सात मी आवळलेले. ही गळती किरकोळ समजू नका. ३ मिलिमीटरच्या एका भोकातून ६ बारला सेकंदाला दहाएक लिटर हवा जाते, आमचा कॉम्प्रेसर जवळजवळ तेवढ्यासाठीच चालत राहिला असता. मग दीड बारला बटण दाबलं. टक् असा आवाज आला, सिलिंडर ढिम्म. आठही तसेच. नानांनी माझ्याकडे बघितलं, मी नानांकडे. सगळा माल खराब आला की काय? व्हॉल्व्हच्या अंगावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, ०.२ ते ०.८ एमपीए, म्हणजे २ ते ८ बार. हे व्हॉल्व्ह पायलटवर चालतात. कॉइल फक्त एक छोटं भोक उघडते, स्पूल सरकवते ती लाइनचीच हवा, आणि तिला निदान २ बार लागतात. दाब वाढवला आणि आठही सिलिंडर चालू.

चालू म्हणजे एका दिशेने. बाहेर जायचे, परत यायचे नाहीत. दीड तास वायरिंग तपासलं. शेवटी दिसलं की फिटरच्या पोराने मॅनिफोल्डच्या एका एक्झॉस्टला डेड प्लग मारला होता. "तिथून हवा गळत होती," तो म्हणाला. तिथून हवा गळायलाच हवी, आतली हवा बाहेर पडल्याशिवाय पिस्टन सरकणार कुठे? पोराला मी काही बोललो नाही. पोर्टचे नंबर त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला पूजा केली, १३ ला चार क्विंटल हरभरा घालून चाचणी. आणि इथे माझी सगळ्यात मोठी चूक उघडी पडली. लाइनच्या तोंडाशी मी सॉफ्ट स्टार्ट आणि डंप असा जोड व्हॉल्व्ह लावला होता, ७,८०० चा. करंट आला की तो हवा हळूहळू भरतो, करंट गेला की सगळी हवा सोडून देतो. हळूहळू भरणं गरजेचं, कारण रिकाम्या लाइनमध्ये एकदम हवा आली की पहिला स्ट्रोक बेफाम जातो. फ्लो कंट्रोल बाहेर जाणारी हवा रोखून वेग आवरतो आणि सिलिंडरच्या पलीकडे रोखायला हवाच नसते. हे सगळं मी विचार करून घेतलं होतं. दुपारी सव्वातीनला एमआयडीसीची लाइट गेली. व्हॉल्व्हच्या कॉइल सुटल्या, गेटं मिटायला निघाली, आणि त्याच क्षणी डंप व्हॉल्व्हचाही करंट गेला म्हणून त्याने सगळी हवा सोडून दिली. गेटं अर्ध्यावर थांबली. हरभरा एलिव्हेटरच्या बूटमध्ये काठोकाठ. बूट उकरायला तीन तास.

आठ गेटं एकदा मिटायला जेमतेम पंचवीस लिटर मोकळी हवा लागते, टाकीत त्याच्या कितीतरी पट असते. मीच ती फेकून देत होतो. डंप व्हॉल्व्ह काढूनच टाका, असं दोघातिघांनी सुचवलं. पण माणूस अडकला तर गेट मिटणं ही सगळ्यात वाईट गोष्ट, तेव्हा हवा जायलाच हवी. वीज जाणं आणि धोक्याच्या वेळी लाल बटण दाबणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि मी त्या एकाच तारेत बांधल्या होत्या. शेवटी डंप व्हॉल्व्हला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचा स्वतंत्र आधार दिला, खर्च ६,४००. आता वीज गेली की गेटं टाकीतल्या हवेवर मिटतात. लाल बटण दाबलं की आधी हवा सुटते आणि गेटांच्या कॉइल तीन सेकंदांनी टायमरवर सुटतात. आणि मुळात हात पोचूच नये म्हणून प्रत्येक गेटाला जाळी, जी मला पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती.

एकूण १,६९,००० लागले, जीएसटी धरून. त्यात मजुरी २४,०००, जाळ्या ९,५००. कुलपाचा हँड व्हॉल्व्ह, ज्याच्यासाठी मी कोटेशनं परत पाठवली, तो २,९०० चा. बंद केला की फुस्स करून पुढची हवा सोडतो आणि त्याच्या दांड्याला सहा कुलपं बसतात. वर चढणाऱ्या प्रत्येकाने आपलं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. मग गेज शून्यावर आला का बघायचं, आणि व्हॉल्व्हचं हाताने दाबायचं बटण एकदा दाबून खात्री करायची. ते बटण फिरवून अडकवता येतं, हे लक्षात ठेवा. नोव्हेंबरात कोणीतरी ते तसंच ठेवलं आणि हवा येताच ३ नंबरचं गेट कोणी न सांगता उघडलं. नाना आता शिडीच्या पायथ्याशी उभे राहून वरच्याला ओरडतात, "हवा निंघी गयी का रे भो?" वरून "गयी" ऐकू आल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही.

फेब्रुवारीत, तुरीच्या ऐन गर्दीत, आठही गेटं मंद झाली. दाब ठीक, कॉइल ठीक. भिंतीबाहेरच्या एक्झॉस्ट पाइपात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. काडीने पोखरून काढलं, पाइपाचं तोंड खाली वळवून जाळी लावली. दोन आठवड्यांनी तिने दुसरी जागा शोधली: हँड व्हॉल्व्हशेजारी खिळ्यावर टांगलेल्या कुलपांपैकी एकाचं किल्लीचं भोक. कोणाचं कुलूप आहे म्हणून उलटून नंबर बघितला. एक नंबर, म्हणजे माझं. त्या महिन्यात मी वर चार-पाच वेळा तरी गेलो होतो.